कुरडई: गव्हापासून डब्यापर्यंत

कुरडया विकत मिळतात, आणि चांगल्या मिळतात. बचत गटाच्या बायकांच्या स्टॉलवरच्या कुरडया मी कौतुकाने घेतो आणि आवडीने खातो. तरीही दरवर्षी होळी उलटली की मी गहू भिजत घालतो. घरी अगदी पहिल्यापासून पदार्थ करून बघायचा मला नाद आहे. मेतकूट करायचं तर डाळी-तांदूळ भाजण्यापासून, तूप करायचं तर सायीला विरजण लावण्यापासून. पण या सगळ्यांत कुरडईने मला जितकं धरून ठेवलं तितकं दुसऱ्या कशाने नाही. याचं कारण मला हळूहळू उमगत गेलं. बहुतेक पदार्थांत आपण काहीतरी घालत जातो. कुरडईत घालायचं जवळजवळ काहीच नसतं: गहू, पाणी, मीठ, चिमूटभर हिंग. बाकी सगळं काम काढून टाकण्याचं असतं. कोंडा काढायचा, चिवटपणा काढायचा, रंग काढायचा, आंबट पाणी काढायचं, आणि शेवटी उन्हाकडून ओल काढून घ्यायची.

मला हे शिकवलं माझ्या मावशीने. ती सिन्नर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरात उन्हाळ्याच्या सुरुवातीला पापड, कुरडया, शेवया, सांडगे अशी वाळवणं व्हायचीच, आणि रुखवतासाठी रंगीत कुरडयाही तिने खूप केल्या आहेत. मी शिकवशील का विचारलं तेव्हा तिने आधी एवढंच विचारलं, "गच्चीवर ऊन किती वाजता येतं तुमच्याकडे?" गहू कोणता, भांडं केवढं, हे सगळं नंतर. नाशिकच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पूर्वेकडून कशाची आड नाही, सकाळी सातला ऊन पसरतं, हे ऐकल्यावर ती म्हणाली, "मग जमेल."

गहू आम्ही लोकवन घेतो. मावशीचा आग्रह एवढाच की दाणा भरलेला हवा, सुरकुतलेला नको. सुरकुतलेल्या दाण्यात कोंडा जास्त आणि चीक, म्हणजे गव्हाचं पांढरं सत्त्व, स्टार्च, कमी. गहू पाखडून, निवडून, चोळून तीन-चार पाण्यांतून धुवायचा आणि वर चार बोटं पाणी राहील असा भिजत घालायचा. मग रोज पाणी बदलायचं. मार्च सरून एप्रिल लागला आणि हवा तापली तर दिवसातून दोनदा.

पहिल्या दिवशी काहीच घडल्यासारखं वाटत नाही. दाणे फुगतात, एवढंच. दुसऱ्या दिवशी पाण्यावर बारीक फेस दिसू लागतो आणि झाकण उघडलं की आंबूस वास येतो. तिसऱ्या दिवशी तो वास चांगलाच वाढतो. ज्यांनी हे कधी केलेलं नाही ते इथेच घाबरतात आणि गहू फेकून देतात. हा वास ताकाच्या कुळातला आहे. गव्हावर मुळातच असलेले जिवाणू पाण्यात वाढतात, दाण्यातली साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाण्याच्या आतली घट्ट बांधणी सैल होते. वास आंबट असेपर्यंत चिंता नाही. नाकाला झोंबणारा सडका वास आला, पाण्यावर गुलाबी किंवा काळी बुरशी दिसली, तर मात्र सगळं टाकून द्यायचं, त्यात काटकसर करायची नाही. रोज पाणी बदलायचं ते याचसाठी. आंबणं हवं, पण लगामात हवं.

गहू तयार झाला हे दिवस मोजून कळत नाही. मावशीची खूण एकच. भांड्यात तळाशी हात घालून एक दाणा काढायचा आणि अंगठा-तर्जनीच्या चिमटीत दाबायचा. आतून दाट पांढरं दूध सुटलं आणि चिमटीत नुसतं रिकामं साल राहिलं की झालं. मधे कण लागला तर अजून थांबायचं. एकच दाणा बघून भागत नाही. वरचा, मधला, तळाचा असे निरनिराळे दाणे दाबून बघायचे, कारण तळाचे थोडे मागे राहतात. साधारण तीन दिवस लागतात, गारठा असेल तर चौथाही. मावशी सांगते, कमी भिजला तर कुरडई तळल्यावर तांबूस होते, जास्त आंबला तर पाळी तुटतात आणि चव आंबट होते. पाळी म्हणजे कुरडईची ती शेवेसारखी तार.

पुढचं काम वाटायचं. पूर्वी पाट्या-वरवंट्यावर व्हायचं, आता घरोघरी मिक्सर. मिक्सरमध्ये भरपूर गार पाणी घालून थांबत थांबत फिरवायचं. गंधासारखं गुळगुळीत वाटायचा मोह इथे आवरावा लागतो. आपल्याला साल फोडायचं आहे, त्याचं पीठ करायचं नाही. कोंडा बारीक झाला की तो फडक्यातूनही निसटतो, चिकात उतरतो आणि मग कितीही निवळत ठेवा, कुरडई मळकटच होते.

मग गाळणं. आधी मोठ्या चाळणीतून, मग जुन्या धोतराच्या मऊ फडक्यातून. चोथा फडक्यात बांधून पिळायचा, उघडून पुन्हा पाणी घालायचं, कुस्करायचं, पुन्हा पिळायचा. पिळलेलं पाणी दुधाळ येईनासं होईपर्यंत हे चालू. मनगटं भरून येतात, पण हे मला फार आवडतं, कारण या टप्प्यावर गहू आपल्या हातात उलगडतो. फडक्यात राहिलेल्या चोथ्यात कोंडा असतोच, शिवाय बोटांना चिवट, रबरी धागे लागतात. लहानपणी शेतात गव्हाचे कच्चे दाणे चावत राहिलो की तोंडात एक चिवट गोळा उरायचा, तोच हा. ग्लुटेन. पोळी लाटताना फाटू देत नाही ते हेच, आणि कुरडईला नेमकं हेच नको असतं.

पुढे वाचताना मला कळलं की याकोपो बेक्कारी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने 1728 मध्ये बोलोन्यात गव्हाचं पीठ पाण्याखाली मळून मळून धुतलं आणि स्टार्च व ग्लुटेन वेगळं करून दाखवलं, आणि रसायनशास्त्राच्या इतिहासात त्याची नोंद झाली. त्याच्याही फार आधी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, रोममधल्या केटोने शेतीवर लिहिताना गव्हाचा स्टार्च कसा काढायचा ते सांगितलं आहे. स्वच्छ गहू, दिवसातून दोनदा पाणी, दहाव्या दिवशी पाणी काढून टाकायचं, नव्या कापडाच्या पिशवीतून पिळायचं, उन्हात वाळवायचं. ते मी मावशीला वाचून दाखवलं. ती लक्षपूर्वक ऐकून म्हणाली, "दहा दिवस? त्यांच्याकडे थंडी असणार." मला ते पटलं. आंबायला लागणारा वेळ हवेवर ठरतो, हे तिला ठाऊक असायला पुस्तक लागलं नव्हतं. तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीचा प्रसिद्ध हलवाही गहू भिजवून, वाटून, त्याचं दूध काढूनच करतात. चीक तोच, पुढची वाट वेगळी.

गाळलेलं पांढरं पाणी मोठ्या पातेल्यात रात्रभर न हलवता ठेवायचं. आत काय होतं ते स्टीलच्या पातेल्यात दिसत नाही, म्हणून मी त्यातलं थोडं काचेच्या बरणीत वेगळं भरून ओट्यावर ठेवतो. पहिल्या तासाभरातच तळाला पांढरा थर धरू लागतो. मग वेग मंदावतो. गव्हाच्या स्टार्चमध्ये दोन आकारांचे कण असतात, मोठे चपटे आणि बारीक गोल. मोठे झटकन खाली बसतात, बारीक कण बराच वेळ तरंगत राहतात, म्हणूनच दोन-तीन तासांत घाई करून पाणी ओतलं तर त्याबरोबर चीकही वाहून जातो. सकाळी बरणीत तीन थर स्पष्ट दिसतात. वर फिकट पिवळं नितळ पाणी, त्याखाली करड्या रंगाचा बुळबुळीत पातळ थर, आणि तळाशी शुभ्र, घट्ट चीक.

पिवळं पाणी सावकाश कलंडून काढायचं. शेवटी शेवटी वाटीने. त्याच्या खालचा करडा थर हा कुरडईचा खरा शत्रू. त्यात बारीक कोंडा, ग्लुटेनचे कण, विरघळलेली प्रथिनं असं सगळं असतं. तो चमच्याने अलगद खरवडून बाजूला करायचा. पुष्कळ जण इथे थोडं तसंच राहू देतात, उगाच वाया का घालवा म्हणून. पण तळताना कुरडईला तांबूस रंग येतो तो प्रामुख्याने यामुळेच: प्रथिनं आणि साखर गरम तेलात एकत्र आली की पदार्थ तपकिरी होतो. तेव्हा बगळ्यासारखी पांढरी कुरडई हवी असेल तर हा थर निघालाच पाहिजे. मावशी चिकावर पुन्हा स्वच्छ पाणी घालून, ढवळून, आणखी एकदा निवळत ठेवते. अर्धा दिवस वाढतो, पण आंबटपणाही जातो आणि रंगही सुधारतो. मीही आता असंच करतो आणि माझ्या मते या दुसऱ्या निवळीला पर्याय नाही.

पाणी काढल्यावर तळाशी राहिलेला चीक हाताळून बघण्यासारखा असतो. बोट जोरात खुपसलं तर अडतं, जणू घट्ट खडू आहे. तेच बोट हळूच टेकवलं तर अलगद आत बुडतं. तळाचा चीक हाताने सैल करताना हे लक्षात ठेवावं लागतं. घाई केली की तो अडून बसतो, सबुरीने घेतलं की आपोआप सुटतो. थोडं गार पाणी घालून त्याचं दाटसर, गुठळ्या नसलेलं दूध करून घ्यायचं आणि मोजायचं. जितका चीक तितकं पाणी वेगळं उकळायला ठेवायचं. चीक फारच घट्ट असेल तर पाणी थोडं वाढवायचं.

शिजवण्याचा दिवस पहाटे सुरू होतो. ऊन चढण्याआधी चीक तयार हवा, म्हणून पाचला गॅस पेटवायचा. जाड बुडाच्या पातेल्यात पाणी, मीठ, हिंग. मीठ हात राखून, कारण वाळल्यावर ते तीव्र होतं. पाणी खळखळून उकळलं की चीक ओतायचा, आणि इथे दोन माणसं लागतातच. एकाने धार धरायची, दुसऱ्याने लाकडी लाटण्याने ढवळायचं. मावशी धार धरते, मी ढवळतो. "हात थांबवू नकोस," एवढंच ती म्हणते, आणि धार अशी बारीक सोडते की ती तुटतही नाही आणि जाडही होत नाही. गव्हाचा स्टार्च साधारण साठ अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगू लागतो. उकळत्या पाण्यात गार चिकाचा गोळा पडला तर त्याचं बाहेरचं अंग क्षणात शिजून बंद होतं आणि आत कच्चा चीक कोंडला जातो. तीच गुठळी. ती पुढे सोऱ्याच्या भोकात अडकते.

पहिली दोन मिनिटं ढवळणं सोपं असतं. मग एकाएकी लाटणं जड होतं. दुधासारखं पांढरं मिश्रण पातेल्याच्या कडेपासून पारदर्शक होत मध्यापर्यंत येतं, रंग किंचित निळसर करडा, वर चकाकी. सगळं एकसारखं काचेसारखं झालं की आच मंद करून झाकण ठेवायचं आणि वाफ काढायची. ओल्या बोटाने स्पर्श केला तर बोटाला चिकटू नये, ही शिजल्याची खूण. कच्चा राहिला तर वाळताना कुरडयांना चिरा पडतात आणि डब्यात त्यांचा चुरा होतो.

याच वेळी घरात सगळे वाट्या घेऊन उभे असतात. गरम चीक खाल्ला नाही तर कुरडया केल्या असं म्हणताच येत नाही. आम्ही तूप-साखर घालून खातो, मावशी कच्चं तेल आणि तिखट घालून. आता मलाही तिचाच प्रकार जास्त आवडतो. उन्हाळ्याच्या पहाटे असा चीक पोटात गेला की दुपारपर्यंत भूक लागत नाही.

सोऱ्या पितळी, आत तेलाचा हात फिरवलेला, त्यात बारीक शेवेची ताटली. चीक गरम असतानाच घालायचा. गार होऊ लागला की स्टार्चची पुन्हा घट्ट बांधणी होते आणि दट्ट्या हलत नाही. म्हणून पातेलं गरम पाण्याच्या परातीत ठेवतो आणि लागेल तेवढाच काढतो. सोऱ्याभोवती फडकं गुंडाळल्याशिवाय तो हातात धरवत नाही. गच्चीवर स्वच्छ प्लास्टिक पसरून, चार कोपऱ्यांना विटा ठेवून, त्यावर गोल गोल वळसे घ्यायचे. बाहेरून आत, एकावर एक, तीन वळसे. जास्त वळसे घेतले तर मधे ओल राहते. मावशीच्या कुरडया एका मापाच्या, एका ओळीत, जणू कोणी आखून दिल्या आहेत. शेजारच्या काकू येऊन कधी सोऱ्या घेतात, कधी नुसत्या बसतात आणि त्यांच्या माहेरच्या बिबड्यांबद्दल सांगतात. खानदेशात ज्वारी आंबवून त्या करतात. या सकाळी मला वर्षातल्या कुठल्याही सणापेक्षा प्रिय आहेत.

पुढे सगळं उन्हाच्या हाती. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत वरची बाजू वाळते, संध्याकाळी उलटायच्या. त्या वेळी कुरडई प्लास्टिकवरून आपसूक सुटत असेल तरच उलटायची, ओढायची नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी कडक ऊन. कबुतरांसाठी वर विरळ पातळ कापड. एका एप्रिलमध्ये कुरडया घालून झाल्या आणि दुपारी पश्चिमेकडून अवकाळी ढग आले. सोसायटीतल्या पाच-सहा जणांनी मिळून प्लास्टिकसकट सगळं उचलून जिन्यात आणलं, रात्रभर पंखा लावला आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर पुन्हा वर नेलं. वाचल्या, पण रंग पिवळसर झाला. पहिल्याच दिवशीचं ऊन हुकलं की ओल आत राहून चीक पुन्हा आंबू लागतो, ते मग कशानेच भरून निघत नाही. म्हणून मी आता हवामानाचा अंदाज गहू भिजवायच्या आधी बघतो, कारण गहू एकदा भिजला की तो थांबत नाही.

वाळल्याची खूण कानाने कळते. दोन कुरडया एकमेकींवर टेकवल्या की टणक, कोरडा आवाज यायला हवा. मग पत्र्याच्या डब्यात. नीट वाळलेल्या कुरडया वर्षभर आरामात टिकतात.

रव्याच्या कुरडयांबद्दल बरेच जण विचारतात. गहू भिजवायला नको, वाटायला नको, एका दिवसात काम होतं. मी त्या खाल्ल्या आहेत, चवीला चांगल्याही लागतात. पण रव्यात ग्लुटेन तसंच असतं, त्यामुळे त्या तळल्यावर तितक्या हलक्या फुलत नाहीत आणि रंगही पांढरा येत नाही. ज्याला वेळ नाही त्याने त्या जरूर कराव्यात. मात्र त्याला गव्हाच्या चिकाची कुरडई म्हणू नये, एवढा माझा आग्रह आहे.

किलोभर गव्हातून कुरडया हाती येतात त्या अपेक्षेपेक्षा कमीच. गव्हाच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग स्टार्च असतो, पण घरच्या पिळण्यात तो सगळा निघत नाही. पहिल्यांदा करणारा यामुळे खट्टू होतो, पण चोथा टाकायचा नसतो हे लक्षात घेतलं तर हिशोब बदलतो. त्यात तिखट, मीठ, जिरं, ओवा, तीळ, लसूण घालून मावशी भुसवड्या घालते. काढून ठेवलेला तो करडा थरही त्यातच जातो. भुसवड्या वाळवून तळल्या की खिचडीबरोबर कुरकुरीत लागतात, आणि माझ्या मुलीला कुरडईपेक्षा त्याच जास्त हव्या असतात.

तळताना तेल चांगलं तापलेलं हवं. कुरडई टाकली की ती क्षणभर तळाला जाते आणि मग तीन-चार सेकंदांत कढईभर फुलते. वाळलेल्या कुरडईतही थोडी ओल उरलेलीच असते. तेलात ती एकदम वाफ होऊन बाहेर पडते आणि पाळ आतून पोकळ होते. तेल कमी तापलं असेल तर ही वाफ हळूहळू निघून जाते आणि कुरडई दातांना टणक लागते. पाडव्याला पुरणपोळीबरोबर, अक्षय्य तृतीयेला आमरसाबरोबर आम्ही ती तळतो, पण पावसाळ्यात मला तिची भाजीच जास्त आवडते. कुरडया तोडून गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवायच्या, मऊ झाल्या की निथळून घ्यायच्या. तेलात मोहरी, जिरं, हिंग, भरपूर कांदा, हिरवी मिरची, हळद. कांदा गुलाबी झाला की कुरडया आणि शेंगदाण्याचा कूट घालून एक वाफ आणायची, वरून कोथिंबीर आणि लिंबू. गरम भाकरीबरोबर खायची. मीठ घालण्याआधी मात्र एकदा चाखून बघा, कुरडईत ते आधीच असतं.